बाप्या माणसाचं हिमोग्लोबिन

आक्काचे चार ब्लाउज आत घ्यायला टेलरकडं मीच गेलो होतो. म्हणजे गेले होते. आमच्या कोल्हापुरात बायकापण मी आलो, मी जेवलो, मी जातो असंच बोलतात, बाहेरचे लोक हसतात, हसू देत. लिहिताना मात्र शाळेतल्या मराठीच्या बाईंची भीती अजून जात नाही म्हणून मी गेले-आले लिहिते, पण आक्का बोलेल तिथं तिचं तसंच ठेवणार आहे.

तर ब्लाउज. नवरात्राच्या तोंडावरचे दिवस, मंगळवार पेठेतलं ते टेलरचं दुकान कपड्यांनी गच्च, आणि त्यानं माप बघून विचारलं की नुसती आतनं शिवण मारू का, परत घट्ट झाला तर उसवता येईल. मी म्हणलं जादाचं कापड कापूनच टाका, आक्का आता परत जाड होत नसती. हे मी बोलले. हसत हसत.

गल्लीत तर कौतुकच चाललेलं. काय गं, लई बारीक झालीस, काय करतीयास, आमालापण सांग की. आक्का खूश. तीन वर्षं पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारून जे झालं नव्हतं ते चार महिन्यांत आपोआप झालं होतं. जेवायला बसली की अर्ध्या भाकरीवर हात थांबायचा. "अर्ध्यातच गच्च होतंय बघ मला, फुकटचं डायट करतो मी," असं म्हणायची आणि उरलेली अर्धी पोराच्या ताटात टाकायची. भांडी घासताना बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या त्या वर ढकलून कोपराला अडकवून ठेवायची.

थोडं खाल्लं की पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं. जठराच्या कॅन्सरची लक्षणं म्हणून कुठंही वाचलं तर पहिल्या चार ओळींत हीच तीन सापडतात. आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची पण सोय नाही, कारण दोनच वर्षं आधी थोरल्या मामांचं सगळं मी जवळून बघितलं होतं.

मामा उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते, चाळीस वर्षं. बिडी पण चाळीस वर्षं. रिटायर झाल्यावर रोज सकाळी रंकाळा आणि मग चहाच्या टपरीवर राजकारण. सहासष्टाव्या वर्षी एक दिवस संध्यामठाच्या बाजूला चालता चालता खालीच बसले, डोळ्यांपुढं अंधारी. पेठेतले आमचे जुने डॉक्टर, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाप्या माणसाचं हिमोग्लोबिन आठ? मामा, रक्त कुठंतरी चाललंय तुमचं. शौचाला काळं होतंय का, डांबरासारखं?" मामा गप्प. मामी म्हणाल्या होतंय की महिनाभर, मला सांगितलंनी, डॉक्टरला सांगू नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दुर्बीण. जठराच्या खालच्या टोकाला, जिथनं पुढं आतडं सुरू होतं तिथं, सुपारीएवढी जखम. तुकडा तपासायला गेला, आठवड्यात कॅन्सर म्हणून आला आणि महिना व्हायच्या आत ऑपरेशन. पोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काढला. त्या महिनाभरात आमची सगळी भावकी दवाखान्याच्या पायऱ्यांवर होती, एक जण डबा आणतोय, एक जण रक्ताची बाटली, एक जण नुसताच फोनवर बोलतोय.

आक्काचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन आलं तेव्हा ती एकोणचाळीसची होती. डॉक्टर दुसरे होते, नाव कशाला घेऊ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. जास्त जाते का? आता कुठली बाई नाही म्हणते ह्याला. आक्का म्हणाली, "जाते की थोडी." झालं, निदान झालं. लोहाच्या गोळ्या तीन महिने, अ‍ॅसिडिटीची एक गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि उपास कमी करा ताई, संकष्टी, मंगळवार, नवरात्र, एवढे उपास करून पोट जळणार नाही तर काय होणार.

आणि वर एक सूचना. ह्या गोळ्यांनी शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही.

ही सूचना बरोबरच आहे. लोहाच्या गोळीनं खरंच काळं होतं. पण मामांच्या बाबतीत ज्या एका खुणेवर सगळं उलगडलं ती खूण आक्काच्या बाबतीत गोळी सुरू झाल्या दिवसापासून पुसली गेली. तिला काळं आधी होत होतं का नंतर व्हायला लागलं, ह्याचं उत्तर तिला स्वतःलापण देता आलं नाही. मी विचारलं होतं, फार नंतर.

त्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात ते सांगत नाही. पण एवढी वर्षं ह्यावर वाचत बसल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते की त्यांचा अंदाज शंभरातल्या बहुतेक बायकांच्या बाबतीत खरा ठरला असता. पाळी चालू असलेल्या बाईचं रक्त कमी असलं तर कारण बहुतेक वेळा पाळीच असते, आणि पुरुषाचं कमी झालं तर पोट-आतड्यातनं जातंय का ते आधी बघायचं, असं शिकवतातच. आकडे पण त्यांच्याच बाजूनं. २०२२ चा जागतिक अंदाज काढून बघितला, वर्षाला जठराच्या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे पेशंट, त्यात पुरुष सव्वासहा लाखांच्या आसपास आणि बायका तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दोनास एक. त्यातही बहुतेक जण साठीच्या आगंमागं किंवा पुढचे, अमेरिकेत तर निदानाचं मधलं वय अडुसष्टच्या घरात आहे. मामा ह्या तक्त्यात अगदी मधोमध बसतात. आक्का कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या माणसाकडं पंगतीत वाढपीपण शेवटी येतो.

ब्रिटनमधे नियम असा की वजन उतरलंय आणि सोबत पोटाची तक्रार आहे तर पंचावन्नच्या पुढं तातडीनं दुर्बीण करा. अमेरिकेत नुसत्या अपचनाच्या तक्रारीला दुर्बिणीची वयाची रेघ साठीवर आहे. रेघ कुठंतरी मारावीच लागते, सगळ्या जगाला दुर्बीण घालता येत नाही हे मलापण कळतंय. पण जपानमधे आणि कोरियात हा रोग इतका आहे की तिथं लक्षणं नसलेल्या माणसांची पण ठरावीक वयानंतर तपासणी करतात, कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी, आणि त्यामुळं तिथं लवकर सापडून बरे होणाऱ्यांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपल्याकडं मिझोराममधे हा रोग खूप, महाराष्ट्रात त्या मानानं कमी, आणि कमी आहे म्हणून कुणाच्या डोक्यातच लवकर येत नाही.

बरं, पुरुषांनाच का जास्त? मी आधी म्हणलं बिडी-सिगारेट, सोपंय. बिडी-सिगारेटनं धोका वाढतो हे पक्कंच आहे, मामा त्याचं चालतंबोलतं उदाहरण. पण गंमत अशी की जिथं पुरुष खूप ओढतात आणि जिथं कमी ओढतात अशा दोन्ही प्रकारच्या देशांत ते दोनास एक फारसं हलत नाही. म्हणजे अजून काहीतरी आहे. संशोधकांचा रोख बायकांच्या हार्मोनवर आहे, इस्ट्रोजेनवर. पाळी चालू असेपर्यंत ते जठराच्या अस्तराला काहीतरी राखण देतं, आणि पाळी गेली की ती राखण हळूहळू उठते, म्हणून बायकांचा आकडा पुरुषांच्या मागनं दहा-पंधरा वर्षांनी चालत येतो. उंदरांवरच्या प्रयोगांतपण नरांनाच जास्त झाला आणि इस्ट्रोजेन दिल्यावर कमी झाला. वाचताना मला हसू आलं आणि रडूपण. ज्या पाळीनं बाईला राखायचं, त्याच पाळीच्या नावावर आक्काचे सहा महिने गेले.

पण ही राखण एका प्रकारच्या कॅन्सरपुरती जास्त खरी आहे. हे कळायला मला दोन फायली शेजारी-शेजारी ठेवाव्या लागल्या.

१९६५ साली फिनलंडच्या लॉरेन नावाच्या एका डॉक्टरांनी जठराचे कॅन्सर मायक्रोस्कोपखाली बघून दोन जाती पाडल्या, त्या आजपण वापरतात. एक आतड्यासारखी दिसणारी, इंटेस्टिनल. ही म्हाताऱ्या माणसांत जास्त, पुरुषांत जास्त, आणि ही एका रात्रीत होत नाही. आधी जठराला जुनाट सूज, मग अस्तर झिजणं, मग त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवणं, मग बिघाड, मग कॅन्सर, अशी वीस-तीस वर्षांची पायवाट आहे. मामांच्या रिपोर्टवर हीच. हिच्यात गाठ होते, जखम होते, रक्त वाहतं, दुर्बिणीत दिसते.

दुसरी डिफ्यूज. हिच्यात पेशी एकमेकींचा हातच सोडतात. आपण लाडू वळतो तेव्हा पाक कमी पडला की कसा सगळा रवा सुटा सुटा होऊन परातीत पसरतो, तसं. पेशींना धरून ठेवणारा जो पाक असतो तोच बिघडतो, आणि मग एक एक पेशी सुटी होऊन अस्तराच्या खालनं जठराच्या भिंतीत शिरत जाते. वरनं गाठ नाही, मोठी जखम नाही, कधी कधी दुर्बिणीतपण वरचं अस्तर बरं दिसतं आणि तुकडा वरवरचा घेतला तर रिपोर्ट साधा येतो. भिंत मात्र जाड आणि ताठ होत जाते. इंग्रजी पुस्तकं अशा जठराला चामड्याची बाटली म्हणतात. आपल्याकडं त्याला चांगला शब्द आहे, पखाल. चामड्याची पखाल पाण्यानं ओली राहिली तर मऊ, वाळली की कडक. आक्काच्या पोटाची वाळलेली पखाल झाली होती, ते ताणतच नव्हतं, म्हणून अर्ध्या भाकरीत गच्च. अ‍ॅसिडिटीही नव्हती आणि डायटही नव्हतं.

आणि ही जात तरुणांत जास्त दिसते. पन्नाशीच्या आतले पेशंट घेतले तर ते दोनास एक वितळतं, बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीत येतात, तरुण बायकांत डिफ्यूज ठळक दिसतो. म्हणजे तक्ता खोटा नाही, पण तक्त्याच्या पोटात दोन वेगळे रोग एकाच नावानं राहतात आणि डॉक्टरनं, टेलरनं, मी, आम्ही सगळ्यांनी एकच डोळ्यापुढं धरला होता. म्हातारा, बिडीवाला, बाप्या माणूस.

संक्रांतीनंतर आक्काचं ओटीपोट दुखायला लागलं, फुगल्यागत झालं. ह्या वेळी ती बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली, एकटीच, केएमटीच्या बसनं, स्वयंपाक करून. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं मोठी. डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्ट बघून सरळ विचारलं, तुम्हाला भूक लागते का? आक्का म्हणाली, "भूक? सहा महिने झाले, भूक काय असती विसरलो मी." त्याच दिवशी त्यांनी दुर्बिणीची चिठ्ठी दिली. त्या बाईंना माझा नमस्कार आहे, त्यांना पोटातलं कळलं.

जठरातनं सुटलेल्या पेशी अंडाशयात जाऊन बसतात, बहुतेक वेळा पाळी चालू असलेल्या बायकांत. १८९६ साली क्रुकेनबर्ग नावाच्या एका जर्मन डॉक्टरानं ह्या गाठींचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं आणि त्याला वाटलं की हा अंडाशयाचाच नवा कॅन्सर आहे. नंतर कळलं की मूळ दुसरीकडंच असतं. गाठींना नाव त्याचंच राहिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी मायक्रोस्कोप घेऊन बसलेल्या माणसाची जी चूक झाली तीच आजपण बायकांच्या वाट्याला येते, पोट सोडून सगळे पाळी आणि पिशवीकडं बघतात.

बायोप्सीचा रिपोर्ट दाजींनी आणला. दाजी गुजरीत चांदीच्या दुकानात कारागीर. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे सिग्नेट रिंग म्हणजे अंगठीच ना?" मी हो म्हणलं. पेशीच्या पोटात बुळबुळीत द्रव भरतो आणि तिचं केंद्र एका कडेला ढकललं जातं, मायक्रोस्कोपखाली खड्याच्या अंगठीसारखी दिसते, म्हणून तसं नाव. दाजी बराच वेळ कागदाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "कुणाला सुचत असेल असं नाव द्यायला." त्यांच्या नखांत पॉलिशचं काळं होतं. पुढं कितीतरी दिवस ते अंगठीचं काम दुसऱ्या कारागिराकडं द्यायचे आणि स्वतः पैंजण घ्यायचे.

एकोणचाळीसव्या वर्षी डिफ्यूज म्हणल्यावर खानदानी आहे का ही चौकशी होतेच. न्यूझीलंडमधे एका माओरी कुटुंबात तीन दशकांत पंचवीसच्या वर माणसं ह्या रोगानं गेली, त्यातनं १९९८ मधे सीडीएच-वन ह्या जनुकातला दोष सापडला. पेशींना धरून ठेवणाऱ्या पाकाची कृती त्याच जनुकात लिहिलेली असते. ज्या बायकांत तो दोष असतो त्यांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचापण धोका. आक्काची तपासणी झाली, काही निघालं नाही. तरुणपणी डिफ्यूज झालेल्या बहुतेकांत निघत नाहीच म्हणे. मामा माझे आईकडनं, आक्का चुलत्याची मुलगी म्हणजे वडिलांकडनं, दोघांचा रक्ताचा काही संबंध नाही, मी मधली गाठ तेवढी. तरी मातीच्या वेळी कोपऱ्यात बसलेल्या बायकांत कुजबुज चाललेली मी ऐकली, ह्यांच्या घरातच आहे. दुसरी कुजबुज तिखटाची, कोल्हापूरचं तिखट खाऊन दुसरं काय होणार.

ह्या तिखटाचं एकदा बोललंच पाहिजे. चटणी आमच्याकडं वर्षाची एकदम होते, उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी आणून, देठं खुडून, उन्हात तापवून, कांदा-लसूण-खोबरं भाजून डंकावर कुटायला न्यायची. डंकावर बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या असतात. हे शंभर घरांत होतं आणि शंभर घरांत जठराचा कॅन्सर होत नाही. मिरचीनं हा कॅन्सर होतो असं पक्कं कुणी दाखवलेलं नाही. खारवलेलं, मिठात मुरवलेलं आणि धुरावर टिकवलेलं खाणं जास्त असलं की धोका वाढतो, ते पक्कं. मागच्या शतकात अमेरिकेत हा रोग झपाट्यानं उतरला, १९३० च्या आसपास तो तिथल्या पुरुषांचा सगळ्यात मारक कॅन्सर होता, तो उतरण्याचं मोठं श्रेय फ्रीजला देतात. ताजं खाता आलं, मिठात टिकवायची गरज संपली. आणि सगळ्यात मोठा आरोपी मिरचीपेक्षा कितीतरी लहान आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, हेलिकोबॅक्टर पायलोरी. लहानपणीच घरातनं घरात पोटात येतो, जन्मभर राहतो. ह्या जंतूनं पोटाला सूज येते असं सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरांचं कुणी ऐकेना म्हणून त्यांनी १९८४ मधे त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं आणि पोटाला सूज आणून घेतली, २००५ मधे त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन ह्यांना नोबेल मिळालं. असला खुळेपणा कोल्हापुरात झाला असता तर आम्ही नाद खुळा म्हणून चौकात बोर्ड लावला असता. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा असतो आणि तरी कॅन्सर त्यातल्या फार थोड्यांना होतो. मामांच्या पोटात निघाला. पुढं माझ्यापण निघाला.

आक्काला ऑपरेशनचा उपयोग नव्हता, पसरलेलं होतं. औषधं सुरू झाली. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं एक औषध असतं, ते घेतल्यावर थंड वस्तूला हात लावला की शॉक बसल्यागत मुंग्या येतात, गार पाणी प्यालं की घशात काचा गेल्यागत. हे आधी सांगितलं होतं पण सवय कुठं जाते. दुसऱ्या दिवशी तिनं फ्रीज उघडून दुधाचं पातेलं धरलं आणि पातेलं खाली. सगळं दूध ओट्यावरनं, तिच्या पायावरनं, मोरीपर्यंत. ती तशीच हात धरून उभी. मग मे महिन्यात, कोल्हापूरची काहिली, आणि आक्का स्वयंपाकघरात थंडीचे लोकरी हातमोजे घालून, फ्रीजमधलं काढायचं म्हणून. पोरगं हसायचं, ती पण हसायची. "काश्मीरला आलो बघ मी," म्हणायची.

हातमोजे घालून ती स्वयंपाक करत होती हे मी आता लिहितेय तेव्हा मला खटकतंय. तेव्हा खटकलं नाही. मामा आजारी होते तेव्हा मामींनी त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. आक्काला उलट्यांचा त्रास मामांपेक्षा खूपच जास्त झाला, आम्हाला वाटलं तिची प्रकृतीच नाजूक, नंतर वाचलं की बायकांना ह्या औषधांनी मळमळ-उलट्या जास्तच होतात, त्यातल्या एका औषधाचा निचरा बायकांच्या शरीरातनं हळू होतो. मामांना म्हातारे म्हणून डोस जपून दिलेला. तरुण आहे, सोसेल, असं आक्काच्या बाबतीत सगळेच म्हणत होतो, तिच्यासकट.

कॅन्सरच्या डॉक्टरांना मी एकदा बाहेर गाठून विचारलं, ते सहा महिने वाचले असते तर? ते पुण्याकडचे, शांत माणूस. म्हणाले सांगता येत नाही. तरुणांत हा बहुतेक वेळा उशिरा सापडतो, पण एकाच स्टेजचे तरुण आणि म्हातारे घेतले तर तरुण मागं नसतात. म्हणजे लवकर सापडला असता तर बरं झालं असतं, पण ही जात लवकर सापडायला दिसावी लागते, आणि ती लपते. मला हो किंवा नाही पाहिजे होतं. दोन्ही मिळालं नाही.

निदानानंतर आठ महिन्यांनी ती गेली. चाळीस पूर्ण झाली होती.

मामा एकाहत्तरचे आहेत आता. दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं खातात, खिशात शेंगदाणे. मध्यंतरी गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी वाटीभर प्याले, अर्ध्या तासात घामानं डबडबून, छातीत धडधड, तिथंच चरकाच्या शेजारी पोत्यावर आडवे. पोट लहान झालं की गोड एकदम आतड्यात उतरतं आणि असं होतं, हे त्यांना दहा वेळा सांगून झालंय. बिडी सुटली. आक्काच्या दिवसांना ते आले होते, तिच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "पोरी, नंबर माझा होता की गं." मला काही बोलता आलं नाही.

कॅन्सर झालेला जठराचा भाग कापून काढायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ ला बिलरोट नावाच्या सर्जननं केलं. शिकवताना बिलरोटचं नाव येतं, पेशंटचं क्वचित. तेरेझा हेलर, वय त्रेचाळीस. बाई होती. ऑपरेशन जमलं, जेवायला लागली, चारेक महिन्यांनी रोग परत उलटून गेली. मला हे वाचल्यावर का कोण जाणे पण बरं वाटलं. ह्या रोगाच्या दारात सगळ्यात पुढं कोपऱ्यातलीच एक उभी आहे.

ह्या चैत्रात मला चाळीस पूर्ण झाली. ऑफिसच्या चेकअपमधे हिमोग्लोबिन नऊ आलं. डॉक्टरीणबाईंनी, ह्या तिसऱ्याच, पाळीचं विचारलं, मी म्हणलं वेळेवर येते, जास्त जात नाही, आणि दोन महिने जेवलं की जड वाटतंय, मला दुर्बीण पाहिजे. त्या म्हणाल्या तुमच्या वयात शक्यता फार कमी असते. म्हणलं माहीत आहे मॅडम, पाठ आहे मला. त्यांनी दिली चिठ्ठी. निघालं काय तर सूज आणि तो जंतू, चौदा दिवस मूठभर गोळ्या, तोंडाला सतत तांब्याचं भांडं चाटल्यागत चव, बास.

पण त्या दिवशी सकाळी हे काही माहीत नव्हतं. लक्ष्मीपुरीतल्या त्या दवाखान्यात बाकावर माझ्या रांगेत सगळे साठीच्या पुढचे बाप्ये, एक आजोबा तर मला पेशंटबरोबर आलेली समजून पाणी आणून द्याल का म्हणाले. मी आणून दिलं, मग दोघांनापण आठवलं की ह्यांनी प्यायचं नाहीये, तसाच ग्लास खाली ठेवला. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती, मान वर न करता.

"पेशंट कुठाय?"

"मीच."

तिनं तेव्हा बघितलं. वय विचारलं, सांगितलं. बाई-पुरुष ह्या रकान्यात तिनं न विचारताच खूण केली.

"उपाशीपोटी आलाय ना?"

"आलोय," म्हणलं, "रात्री आठला जेवलो त्यावर काही नाही."